‘शेवटचा बाक’ यांचं मत

ती दिवसाला नऊशे मतं चाळायची, म्हणून नवऱ्याने तिचं नाव ‘चाळणी’ ठेवलं होतं. अठरा वर्षांच्या संसारात त्याने दिलेली बाकीची नावं विरून गेली, हे मात्र चिकटलं. पुढे मुलगीही चिडवायला तेच वापरू लागली. एकदा तर ऑफिसात फोनवर कुणी नाव विचारलं तेव्हा तिच्याच तोंडून ‘चाळ...’ एवढं निघून गेलं होतं.

काम असं, की मोबाइलवर चित्रकथा वाचायचं एक अ‍ॅप होतं. प्रत्येक भागाखाली वाचक आपलं मत लिहीत. ते लोकांना दिसण्याआधी चाळणीसमोर येई आणि तिने चारांपैकी एक बटण दाबायचं: ‘ठीक’, ‘शिवीगाळ’, ‘शेवट फोडला’ नाहीतर ‘धोका’. सकाळी आठ ते दुपारी चार. कधीच न उघडणाऱ्या खिडक्या, पाठीत रुतणारी खुर्ची आणि दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब. थेंब टाकून डोळे मिटले तरी आत मतं सरकतच राहायची.

गेलं वर्षभर तिच्या वाट्याला एकच मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आली होती, ‘चाळीस बाकं’. उजवीकडून डावीकडे वाचायची लांबलचक मालिका. एका हायस्कूलचा एक वर्ग आतून बंद होतो. रोज सकाळी फळ्यावर प्रश्न उमटतो, ‘आज कोण?’ मग मुलांनी हात वर करून मतदान करायचं. ज्याच्या नंबरावर सगळ्यात जास्त हात वर होतील तो जिन्याने खाली जातो आणि परत येत नाही. मुलांना नावं नाहीत, बाकांचे नंबर आहेत. चाळणीने यातलं एक पानही वाचलं नव्हतं. दिवसभर उष्टी ताटं मोजणाऱ्याला जेवायची वासना राहत नाही, तसं तिचं झालं होतं.

पण न वाचताही तिला सगळं पाठ होतं. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, पण इथले वाचक रोज रडायचे आणि रडून झालं की भांडायचे. ‘अकरा नंबरला मारलं तर अ‍ॅप काढून टाकीन,’ असं साडेतीनशे जणांनी लिहिलं होतं. अकरा नंबर गेली, अ‍ॅप कुणी काढलं नाही. कुणी म्हणे, इतकी लाल शाई कशाला? कुणी म्हणे, सदतीस नंबर कपटी आहे पण केस छान आहेत. एकाचा दर भागाला एकच प्रश्न असे, की ही मुलं जेवतात कधी? ‘ठीक’, ‘ठीक’, ‘शिवीगाळ’, ‘ठीक’. चाळणीचं बोट चालत राही आणि मन घरच्या भिजत घोंगड्याशी जाऊन बसे.

ते घोंगडं म्हणजे अण्णा, तिचे सासरे. सदतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर तिघा मुलांनी ठरवलं, की अण्णांनी चार चार महिने एकेकाकडे राहायचं. पाळी मधल्याकडे, म्हणजे चाळणीकडे असताना थोरल्याने घर पाडून बांधायला काढलं आणि धाकट्याकडे जुळी झाली. चाराचे सात महिने झाले. अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसून असत. चहा दिला तर घेत, नाही दिला तर मागत नसत. चाळणीचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांचे काटे समतोल करून घरी आला की त्याला कुठलीच बाजू उचलवत नसे.

आणि या रविवारी मतदान होतं. या घरात सगळं हात वर करून ठरायचं, आणि ही रीत पाडली होती खुद्द अण्णांनीच. मुलं लहान असताना ते जेवणाआधी विचारत, ‘उद्या भाजी कुठली? दोडका म्हणणाऱ्यांनी हात वर!’ घरात लोकशाही हवी, असं त्यांचं म्हणणं. दोडका कायम हरायचा आणि अण्णा प्रामाणिकपणे निकाल जाहीर करायचे. मुलं मोठी झाली, वेगवेगळ्या गावी गेली, तरी रीत राहिली. आता फोनच्या पडद्यावर तिन्ही घरं जमत आणि हात वर होत. थोरल्याने गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. स्वच्छ होता, डॉक्टर होते, बागही होती. रविवारी त्यावर हात वर व्हायचे होते, आणि नेहमीप्रमाणे अण्णांच्या समोर. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर चाळणीलाही नाही. तिचा हात कुठे जाणार हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. ती वाईट बाई नव्हती. ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला सगळ्यात आधी दुसऱ्याचा भार दिसतो.

‘शेवटचा बाक’ असं टोपणनाव लावणारा वाचक महिन्याभरापूर्वी उगवला. त्याचं पहिलं मत वाचून चाळणी कित्येक दिवसांनी हसली होती. ‘वर्गात पर्यवेक्षक नाही, हजेरी झालेली नाही, हातांची मोजणी दोघांनी करायची तर एकच मुलगा करतो. असं मतदान रद्द धरावं. असो. तास संपला.’ बाकीचे वाचक त्याच्यावर तुटून पडले. कुणीतरी लिहिलं, मारामारी बघायला आलोय, हजेरी घ्यायला नाही. चाळणीने तिघांच्या खात्यावर ‘शिवीगाळ’ टाकून त्याची बाजू घेतली. नोकरीत तेवढीच चैन.

मग हळूहळू त्याचा सूर उतरत गेला. ‘मतदान बंद पेटीत व्हायला हवं. ज्याच्याविषयी ठरवायचं त्याला समोर बसवून हात वर करू नयेत. हात मोजताना तोही मोजतो.’ आणि बुधवारी आलं ते असं: ‘एकोणीस नंबरने स्वतःच्याच नंबरावर पहिला हात वर केला. सगळे त्याला मूर्ख म्हणताहेत. मला तो शहाणा वाटला. बाकीच्यांची लाज वाचवली. वेळ आली तर मीही हेच करीन. असो. तास संपला.’

चाळणीचं बोट हवेतच राहिलं. ‘असो. तास संपला’ हे तिने रोज ऐकलेलं होतं; पहिल्या मतात ते हसण्यावारी गेलं होतं, आज गेलं नाही. तिची दहावीतली मुलगी वाद आवरता घ्यायचा असला की हेच म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. गेले काही दिवस पोरगी गप्प होती, जेवत कमी होती, फोनला चिकटून होती. चाळणीने ते मत पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, “काय गं, पांढरी का पडलीस? मेला का कोणी?”

“अजून नाही,” चाळणी म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराने दचकली.

‘धोका’ दाबलं तर खातं बंद होणार आणि परकी माणसं फोन करून चौकशी करणार. ‘ठीक’ दाबवेना. तिने ते मत ‘नंतर’च्या खणात सरकवलं. तो खण शनिवारी चारच्या आत रिकामा करायचा नियम होता. कुणाचं काय मत आहे हे घरी नेऊन बोलायचं नाही, असाही नियम होता. ती ते मत पाठ करूनच घरी गेली.

पुढचे दोन दिवस तिने पोरीवर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. न्हाणीघराची कडी काढून ठेवली, कात्री आपल्या पर्समध्ये टाकली, उगाच तीनतीनदा दूध नेऊन दिलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटी तिने पोरीचा फोन हिसकावला.

“खरं सांग. ‘शेवटचा बाक’ तूच ना?”

“कोण शेवटचा बाक? आई, तू कात्री घेऊन फिरतेयस दोन दिवस, मला वाटलं तुलाच काही झालंय!”

“मग ते ‘असो, तास संपला’ कुणाचं? ते तर तुझं आहे!”

पोरगी तिच्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, ते माझं नाहीये. ते आजोबांचं आहे. मी त्यांची नक्कल करते. तू विसरलीस?”

चाळणी पलंगावर टेकली. खरंच की. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा अण्णा बोलायला लागले की थांबत नसत, आणि थांबताना हेच म्हणत. मग कधीतरी त्यांचं बोलणंच थांबलं. माणसाचं वाक्य घरात राहिलं, पण ते कुणाचं हे ती विसरून गेली होती.

“मीच त्यांना अ‍ॅप घालून दिलं,” पोरगी सांगत होती. “त्यांना कंटाळा येतो गं. म्हणाले, हायस्कूलची गोष्ट असेल तर दाखव. आता रात्रंदिवस तेच वाचतात. आणि मी गप्प आहे कारण गणितात नापास झालेय. आता दे फोन.”

एरवी त्या नापास होण्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. चाळणीने मुकाट्याने फोन दिला आणि कडी परत बसवायला पेचकस शोधू लागली.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. “अण्णा? आणि चित्रांच्या गोष्टी?” मग तिने ते बुधवारचं मत म्हणून दाखवलं. तो नखं बघू लागला. “दादाशी मी काय बोलू?” एवढंच म्हणाला.

शनिवारी चाळणीने ‘नंतर’चा खण उघडला. चारही बटणांवरून तिची नजर फिरली. यातलं एकही बटण त्या मताचं नव्हतं. चारला पाच मिनिटं असताना तिने ‘ठीक’ दाबलं. आज हे परक्या माणसांवर सोपवलं तर उद्या आपल्याला सोपं जाईल, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिने ते सोपवलं नाही.

रविवारी सकाळी फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एका बाजूला थोरला आणि थोरली जाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि रडणारी जुळी. अण्णा आपल्या खुर्चीत होते. धुतलेला सदरा, नीट भांग. थोरल्याने आश्रमाच्या खोल्या, डॉक्टर, बाग सगळं सांगितलं. बागेचं त्याने दोनदा सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, “तर, अण्णांनी तिकडे जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

क्षणभर कुणाचाच हात हलला नाही. आणि मग दाराजवळच्या खुर्चीतून एक हात वर गेला. सरळ, कोपर कानाला लावून, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाने करावा तसा.

थोरल्याच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव पडद्यावरही लपला नाही. “बघा, अण्णांनाच पटलंय! मग प्रश्नच मिटला.” धाकट्याचा हात वर जाऊ लागला. नवरा तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा हात अजून मांडीवरच होता.

चाळणी उठली. तिने जाऊन अण्णांचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला.

“हे मत धरायचं नाही,” ती म्हणाली.

“अगं, त्यांनी स्वतः...”

“म्हणूनच धरायचं नाही, दादा. ज्याच्याविषयी ठरवायचं त्याला समोर बसवून हात वर करायचे नसतात. आपल्याला लाज वाटू नये म्हणून ते करताहेत.” तिने मनगट सोडलं नव्हतं. “पाळीबिळी आजपासून बंद. ते इथेच राहतील. मी दमलेय, हे सगळ्यांना दिसतंय. पण मी यांच्यामुळे दमलेली नाही. हे आले नव्हते तेव्हाही मी दमलेलीच होते.”

“मग नंतर ‘दमले, दमले’ म्हणू नका,” थोरली जाऊ म्हणाली.

“म्हणेन की. शंभरदा म्हणेन. तुम्ही ऐकून घ्यायचं. तेवढी तुमची पाळी.”

नवऱ्याने हात लांबवला तेव्हा तिला वाटलं, हा वर करतोय. पण त्याने फोन बंद करून पालथा घातला. जुळ्यांचं रडणं तुटलं.

अण्णा वर बघत नव्हते. तसेच म्हणाले, “सूनबाई, कितव्या भागापर्यंत आलीस?”

“मी मांगा वाचत नाही, अण्णा. नुसती मतं वाचते.”

“मग एकोणीस नंबरचं पुढे काय झालं ते तुला माहीत नाही.” त्यांनी चष्मा नीट केला. “तो जिना उतरून खाली गेला. खाली काही नव्हतं गं. ना मारेकरी, ना काही. दार सताड उघडं. पण तो बाहेर गेला नाही. मागून कुणी हाक मारील म्हणून पायरीवर उभा राहिला. सहा पानं नुसता उभा आहे. एक शब्द नाही.”

“मग?”

“मग काय. भाग संपला.”

पोरगी दारात येऊन उभी राहिली होती. चाळणीच्या मनात उद्याचं येऊन गेलं: गोळ्यांच्या वेळा, डॉक्टर, आणि सकाळी आठला पुन्हा नऊशे मतं. भार तसूभर कमी झाला नव्हता.

“चहा टाकू?” तिने विचारलं.

“टाक,” अण्णा म्हणाले. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी हो म्हटलं होतं. मग खाली बघत म्हणाले, “पण आधी माझा हात सोड.”