म्हैसूरला गाडी बघायला

म्हैसूर स्टेशनात उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि फलाटभर कॉफीचा वास होता. निपाणीहून बसनं बेळगाव आणि तिथून रात्रभर रेल्वे, असा प्रवास करून आम्ही दोघं आलो होतो. आजूबाजूचे प्रवासी गळ्यात कॅमेरे अडकवून रिक्षावाल्यांशी घासाघीस करत होते. आम्हाला जुनी पिकअप बघायची होती.

आमचा धंदा लग्नकार्यातल्या स्वयंपाकाचा. चूल माझी, बाजार, भांडी आणि गाडी माझ्या यजमानांची, म्हणजे विलासरावांची. मोठी पातेली, पराती, शेगड्या, सिलिंडर असं सगळं घेऊन ते गावोगाव जायचे. उन्हाळ्यात चिकोडीच्या रस्त्यावर गाडी चालवतानाच त्यांना फिट आली. गाडी उसात शिरून उलटली. माणूस खांद्याच्या दुखापतीवर निभावला, गाडी मात्र भंगारात गेली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. मग मी ड्रायव्हिंग स्कूलला गेले, परवाना काढला. भाड्याच्या गाड्यांवर काही कार्यं केली, पण एकदा गाडी वेळेवर आलीच नाही आणि वऱ्हाड उपाशी बसलं. पुन्हा तशी वेळ आली असती तर आमची उरलेली कामंही गेली असती.

आमच्या भागातल्या जुन्या पिकअप ऊस नि वाळू वाहून खिळखिळ्या झालेल्या. विलासरावांचे म्हैसूरचे मामेभाऊ, अनंतदादा, फोनवर म्हणाले, "इथं या. गाड्या चांगल्या मिळतात. राज्य एकच, त्यामुळे नोंदणीचीही कटकट कमी."

अनंतदादांचं घर अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत. रिक्षा देवळांना वळसे घालत, फुलवाल्यांच्या टोपल्यांमधून वाट काढत एका अरुंद घरापाशी थांबली. दादांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी आहे, पण ती ऐकायला कान थोडे तयार करावे लागतात.

"बन्नि, बन्नि (या, या)!" दादांच्या पत्नी, शारदावहिनी, दारातच म्हणाल्या. त्या इथल्या शाळेत शिकवतात. "प्रवास चेन्नागि (छान) झाला अल्वा (ना)? स्वल्प कॉफी घ्या, आमेले (नंतर) आंघोळ."

मी निपाणीच्या कानडीत "हौद्री (हो जी)" म्हटलं, तर त्या खुदकन हसल्या. आमची उत्तरेकडची रांगडी कानडी इथल्या मऊ बोलीपुढे ठेचकाळत होती. नाश्त्याला लोण्याचा गोळा घातलेला डोसा होता. त्याच्या पोटातल्या लाल चटणीत लसूण किती आणि मिरची कुठली याचा मी मनात हिशेब मांडत होते. विलासरावांनी अर्धा डोसा ताटात टाकला. उन्हाळ्यापासून त्यांचं जेवण आणि बोलणं दोन्ही निम्म्यावर आलं होतं.

दुपारी अनंतदादा आम्हाला हेब्बाळला घेऊन गेले. कारखान्यांचा भाग. कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग संपता संपत नव्हती. एका मोठ्या आवारात जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, धुऊनपुसून लखलखीत. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक विक्रेता आम्हाला थेट एका पांढऱ्या पिकअपकडे घेऊन गेला.

"एकच मालक, सर. फार कमी पळाली आहे."

विलासरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. दारं उघडून मिटली, हौद्यावर थाप मारली. कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. "सुनंदा, बस आत," ते म्हणाले, "बघ सीट कशी आहे."

मी बसले. आरशाला अत्तराची बाटली टांगलेली होती. पण त्या गुलाबाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. आमटी बुडाला लागायला आली की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मला कळतं. माझ्या धंद्यात नाकावरच सगळं चालतं. हा वास मला ओळखीचा होता. वेदगंगेचा पूर ओसरल्यावर आमच्या नातेवाइकांच्या घरांना बरेच दिवस यायचा तो, कुबट, गाळाचा. मी सीट हुंगली, पायाखालची रबरी चटई उचलून हुंगली, शेवटी सीटचा पट्टा नाकाशी नेला. वास तिथं जास्त होता. पट्टा ओढत गेले. एरवी आत गुंडाळून राहतो तो शेवटचा भाग बाहेर आला, तर त्यावर तपकिरी डाग आणि शिवणीत वाळलेली बारीक माती.

"अहो, जरा इकडे या," मी म्हटलं.

विलासरावांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते बोटाकडे बघत राहिले.

"चहा सांडला असेल, मॅडम," विक्रेता म्हणाला.

"पट्ट्याच्या डबीत जाऊन?"

त्यानं खांदे उडवले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. गाडी कुठल्या तरी पुरात बुडालेली होती. तिच्या वायरी कधी, कुठल्या रस्त्यावर दगा देतील याचा काही नेम नव्हता.

परतताना रिक्षात विलासराव एवढंच म्हणाले, "मी तर घेतली असती. तुला तिच्यात बसवून घरी नेलं असतं." मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांना मात्र फिटनं हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं होतं, आणि आता गाडी पारखायची नजरही गेली असं वाटत असावं. संध्याकाळी ते वहिनींना म्हणाले, "आम्ही उद्या परत जातो. भाड्याच्या गाडीवरच बघू."

वहिनी शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अय्यो, भावोजी, एक गाडी वाईट निघाली, अष्टे (इतकंच). आमच्या शाळेत गौरम्मा टीचर आहेत, बन्नूरच्या. त्यांच्या घरची रोपवाटिका आहे. आता मोठी गाडी घेतलीय, जुनी पिकअप विकायची म्हणत होत्या. उद्या रविवारच आहे. बघून तरी जा."

बन्नूरची बस शहराबाहेर पडली तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला, मग भात, मग कालवा आणि पुन्हा ऊस. निपाणी सोडल्यापासून पहिल्यांदाच विलासराव खिडकीबाहेर बघून बोलले. "पाणी बघ कसं खेळवलंय," ते म्हणाले.

गौरम्मा आणि त्यांचे यजमान नागराजू बसथांब्यावर आले होते. नागराजू धिप्पाड, मोठ्यानं बोलणारे. रोपवाटिकेच्या फाटकाशी पिकअप उभी होती. रंग उडालेला, हौद्यात माती, डाव्या दारावर परातीएवढा पोचा. काल बघितलेल्या गाडीपुढे ही अगदीच गरीब दिसत होती.

आम्ही विचारायच्या आधीच नागराजूंनी पोच्यावर हात ठेवला. "कालव्याच्या कठड्याला मीच घासली. फोनवर बोलत होतो. बायको अजून सुनावते."

"सुनावणारच," गौरम्मा म्हणाल्या.

विलासराव पुढे झाले आणि त्यांनी तळहात बॉनेटवर टेकवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "थंड आहे. आपण यायच्या आधी तापवून ठेवलेली नाही, खरं काय ते कळेल." मग मला किल्ली फिरवायला लावली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. ते मागे जाऊन धुराचा रंग बघून आले, तेलाचं झाकण उघडून बघितलं, डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. शेवटी एक पोतं मागून घेतलं आणि दुखऱ्या खांद्यासकट गाडीखाली सरकले. मी "अहो, खांदा!" म्हणेपर्यंत फक्त पाय बाहेर राहिले होते.

बाहेर आले ते शर्टाला माती लावूनच. "पुढचे टायर आतल्या बाजूनं झिजलेत, ते बदलावे लागतील. बाकी सांगाडा सरळ आहे, कुठं जोड नाही, गंज नाही." आवाज असा, जणू मांडवात दहा माणसांना कामं वाटून देत आहेत.

दुपारी गौरम्मांनी आम्हाला जेवायला बसवलं. रागी मुद्दे (नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा) आणि पालेभाजीचं सारू. मी घास चावायला लागले, तो दातांना असा चिकटला की मला बोलता येईना. सगळे हसले. "चावायचं नाही, सारात बुडवून गिळायचं," गौरम्मांनी दाखवलं. विलासरावांनी मात्र शिकवल्याबरोबर दोन मुद्दे संपवले.

जेवताना नागराजू म्हणाले, "चामुंडी डोंगरावरच्या गावात एका घरी कुंड्या पोचवायच्या आहेत. तुम्ही चालवा. भरलेली गाडी चढावर कशी वागते तेही कळेल."

मी हातातला घास खाली ठेवला. मी आजवर सपाट रस्त्यावर, मोकळी गाडी चालवली होती.

मातीनं भरलेल्या कुंड्या हौद्यात रचल्या. नागराजू मागे त्यांच्यात बसले, विलासराव माझ्या शेजारी. बन्नूरहून शहरापर्यंत ठीक होतं. घाट सुरू झाला तशी मी दुसऱ्या गिअरवर आले. एका वळणावर पुढची पर्यटकांची बस अचानक थांबली. मीही थांबले. ती निघाली तेव्हा मी क्लच एकदम सोडला. गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली.

मागून नागराजूंची आरोळी आली, "निधान! निधान (हळू)!" एक कुंडी फुटल्याचा आवाज झाला. मी ब्रेकवर उभीच राहिले. कानात काही शिरत नव्हतं. मागच्या गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता.

"हँडब्रेक ओढ," विलासराव म्हणाले. अगदी सावकाश. "धरलीय बघ गाडी त्यानं. पाय काढ, काही होत नाही. वाजवू दे त्याला. आता चालू कर. क्लच उचल, थोडा अॅक्सिलरेटर दे, गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की हँडब्रेक सोड."

गाडीचं नाक उचललं. मी हँडब्रेक सोडला आणि ती भरली पिकअप कुरकुर न करता चढू लागली.

वर पोचून कुंड्या उतरवल्या. उतरताना मोठ्या नंदीच्या वाटेवर थांबलो. विलासरावांनी चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. ब्रेक फार तापले नव्हते. खाली म्हैसूर दुपारच्या उन्हात पसरलेलं होतं, तळी चकाकत होती. फुटलेल्या कुंडीतलं जास्वंदीचं रोप नागराजूंनी पिशवीत बांधून माझ्या हातात दिलं. "हे तुमचंच आता. बाकी काय ठरलं?"

विलासराव माझ्याकडे वळले. "चालवायची तुला आहे. तू सांग."

"घ्यायची," मी म्हटलं.

किमतीवरून फार ताणलं नाही. कागदपत्रांसाठी अनंतदादांनी सुट्टी काढून आमच्याबरोबर कचेरीत खेटे घातले, तोवर टायर बदलून घेतले. निघायच्या दिवशी वहिनींनी म्हैसूरपाकाचा डबा दिला आणि बॉनेटला हळदकुंकू लावलं. "हळू जा कणे (गं)," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

पहिल्या दिवशी चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या बघत दावणगेरेपर्यंत आलो आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी धारवाड मागे पडल्यावर शेजारचं बोलणं थांबलं. बघितलं तर विलासरावांची मान खिडकीकडे कललेली. गाडी बाजूला घेतली, दिवे लावले, त्यांच्या मनगटावर हात ठेवला. श्वास एकसारखा चालला होता. तोंड किंचित उघडं, घोरण्याच्या बेतात. ते फक्त झोपले होते. आजारपणापासून झोपेत फिट येईल या धास्तीनं ते दिवसाउजेडी कधी डोळा लागू देत नसत, आणि इथं भर हायवेवर, मी गाडी चालवत असताना, गाढ झोपले होते. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी थोडी रडले, मग पाणी प्यायले आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणली.

बेळगाव गेलं, घाट उतरला, तरी ते उठले नाहीत. घराच्या दाराशी इंजिन बंद केलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"कुठं आलो?"

"घरी."

"अगं, उठवायचं नाही का? घाटात तरी!"

"गरज पडली नाही," मी म्हटलं.

ते खाली उतरून गाडीभोवती फिरले, पोचा पडलेलं दार एकदा उघडून मिटलं. दुसऱ्या आठवड्यात कागलला एक बारसं होतं. पातेली त्यांनी स्वतः रचून दिली, दोऱ्या आवळल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसले. सहलीला गेलेली माणसं फोटो घेऊन परततात. आमच्याजवळ म्हैसूरचा एकही फोटो नाही. तिकडे जाताना शेजारी बसलेला माणूस गप्प होता, आता तो कागलपर्यंत बोलतच होता: भाज्यांचे भाव, कढईचा नवा कान, पुढच्या महिन्यातलं लग्न. मी समोरच्या रस्त्याकडे बघत नुसतं हूं हूं करत होते.