अकराच्या आत

"घाबर अम्मा, पण हात नक्को लावू!" असं दारातूनच ओरडत काका आत यायचे आणि स्वतःचे हात पाठीशी बांधून स्क्रीनसमोर उभे राहायचे. कॉम्प्युटर अडला की तुम्ही-आम्ही आधी चार बटणं दाबतो की नाही? काका आधी वाचायचे.

नल्लकुंट्यात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. उभी हयात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात गेलेली. घराणं निजामाच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत निम्मी दखनी उर्दू. मी पुण्याची. एकदा हसले, तर म्हणाले, "तुमची मराठी सुकी है. आमच्या मराठीत सालन है, रस्सा!"

दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला माझी मुलाखत होती, शेवटची फेरी. नोकरी जाऊन आठ महिने झालेले. पंचेचाळिशीत घरी बसलं की साधा फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. मुलाखतीचं सगळं माझ्या जुन्या, लिनक्सवाल्या लॅपटॉपवर. सव्वादहाला बघते तर वायफाय गायब! फोनचा हॉटस्पॉटसुद्धा दिसेना. दोनदा बंद-चालू केलं. धावत वर गेले आणि काकांना अक्षरशः ओढून आणलं.

"कार्ड दिसतंय. ड्रायव्हर पण है," काका एकेक कमांड देत म्हणाले. "आता ते... वायफाय कुणी बंद केलंय का, ते बघायची कमांड..."

बोटं हवेतच थांबली. दहा चाळीस झाले.

"नाव गेलं गं," ते हळूच म्हणाले. "हल्ली जातात. लई भीती वाटते."

खरं सांगू? मला त्यांची दया नाही आली, रागच आला. आजच जायचं होतं का नाव? अजून लाज वाटते त्याची.

त्यांनी डोळे मिटले, 'आर' दाबलं, आणि पुढची अक्षरं बोटांनीच टाइप केली. आरएफकिल. स्क्रीनवर आलं, वायफाय बटणानंच बंद आहे. लॅपटॉपच्या कडेला एक इवलंसं बटण होतं. खंडेनवमीला पूजेत मी झेंडूची माळ लॅपटॉपला करकचून बांधली होती. काढताना दोरा त्यात अडकून ते सरकलं असणार.

"पूजा कर, पण इतकं कसून कायकू बांधायचं? पळून चालला होता का तो?"

बटण सरकवलं. वायफायची नावं भराभर आली. दहा बावन्न. नोकरी मिळाली.

थंडीत काकांना त्यांचा मुलगा बेंगळुरूला घेऊन गेला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बाबा रोज विचारतात, खालच्या पोरीचं नेट लागलं का? आमच्यावर विश्वास नाही बसत. तुम्हीच सांगता?"

"लागलं, काका," मी म्हणाले. "नोकरीपण लागली."

पलीकडून घाबरा आवाज आला, "किती वाजले?"

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते.

"अजून अकरा नाही वाजले, काका," मी म्हणाले. "वेळ आहे आपल्याकडे."