थांबदादा आणि चौसष्टावं नाव

सत्याऐंशीच्या पौषात जागेश्वर मास्तरांची आणि प्रिंटरची पहिली भेट झाली, तेव्हा त्याच्या कर्कश करकराटाने पवनीच्या किल्ल्यावरचे झाडून सगळे कावळे उडाले, वैनगंगेत डुंबणाऱ्या म्हशी दचकून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या नत्थू शिंप्याने आपलंच मशीन फुटलं असं समजून पायडलवरचे दोन्ही पाय वर घेतले. मास्तर तेवढे जागचे हलले नाहीत. "बोलून राहिलं!" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मास्तरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने त्यांना संगणक आणि प्रिंटर महिनाभर वापरायला दिले होते. महिन्यात काम मिळालं तर ठेवायचे, नाहीतर परत. मास्तरांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, आपल्या या नव्या सवतीची रीतसर पूजा केली. हार घातला, नारळ फोडला आणि प्रिंटरला कपाळ सापडेना म्हणून समोरच्या बारक्या काचेवर हळदकुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. त्या काचेखाली लाल दिवा होता. पण देवाच्या कपाळाखाली काय असतं ते कोणी पाहतं का?

काम चालून आलं आसगावहून. तिथल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री नाटक व्हायचं आणि नाटकाच्या पत्रकावर गावातल्या मानकऱ्यांची नावं असायची. अध्यक्ष, उद्घाटक, सहउद्घाटक, दीप लावणारे, लावताना जवळ उभे राहणारे, असे एकूण चौसष्ट. नाटकात पात्रं नऊ.

"एकही नाव गळलं तं पट होत नाई, मारामाऱ्या होते," मंडळाचे पुंडलिकराव म्हणाले. "माह्यं नाव सर्वाच्या खाली टाका. विनीत म्हणून."

आणि नावं गळायचीच. मराठी अक्षर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. संगणक ते ठिपके भराभर फेकायचा, प्रिंटरच्या तोंडात घास मावायचा नाही, आणि दोन-तीन सहउद्घाटक वाटेतच गडप व्हायचे. मास्तर आठ दिवस डोकं धरून बसले. मग त्यांना घरची धानाची रोवणी आठवली. चिखलाच्या बांधीत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकणारा गडी घाई करू लागला की रोपं लावायला वाकलेल्या बाया ओरडतात, "थांब ना दादा!" हात मोकळे झाले की म्हणतात, "टाक आता." मास्तरांनी नेमकं हेच संगणकाला शिकवलं. प्रिंटर 'थांब' म्हणाला की थांबायचं, 'टाक' म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. या प्रोग्रामचं नाव त्यांनी ठेवलं थांबदादा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुंडलिकराव नमुना पाहायला आले. एकेक नाव उमटू लागलं. एकही गळलं नाही. त्रेसष्टावं उमटलं आणि सगळं शांत झालं.

"काहून थांबलं?"

"प्रिंटर थांब म्हणून राहिला, भाऊ. टाक म्हणीन तं चालू होईल."

"कवा म्हणीन?"

"आपण घाई कराची नाई."

चहा झाला. पोहे झाले. दुसरा चहा झाला.

"मास्तर, बासष्टावा तो भैयाजी, माह्या भाऊबंदकीतला. त्याले नाई अडवलं यानं?"

"मशीनले काय ठाव भाऊबंदकी!"

"मंग मलेच कायले?"

दोन तासांनी पुंडलिकराव उठले आणि लाखांदूरच्या बसमध्ये बसले. तिथे शिशाचे खिळे जुळवून छापणारा छापखाना होता.

दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं म्हणून शकुंतलाबाईंनी प्रिंटर पुसायला घेतला. कुंकू निघालं आणि खाली लाल दिवा लुकलुकताना दिसला.

"अजी, हे कालपासून डोळा मारून राहिलं काय?"

ज्यातून प्रिंटरला सलग कागद जायचा, ते टेबलाखालचं खोकं मास्तरांनी पाहिलं. कागद संपला होता. शेवटच्या पानाची शेपूट तेवढी प्रिंटरमध्ये अडकून राहिली होती, म्हणून वरून कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी एक कोरा कागद लावून बटण दाबलं. थांबदादा रात्रभर तसाच उभा होता. त्याने तत्काळ पुंडलिकरावांचं नाव छापलं. पूर्ण, काना-मात्रेसकट.

मास्तरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

दुपारच्या एसटीने मशीन नागपूरला परत गेलं.