न जाळलेलं पीस

केस खरे की नायलॉनचे, हे ओळखायची आमच्या धंद्यात एकच रीत आहे. एक केस घ्यायचा, काडी लावायची आणि वास घ्यायचा. खरा केस भुरुभुरु जळतो, बोटात चुरला की राख होते. खोटा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. धायरीत माझं पार्लर आहे, त्याला वीस वर्षं झाली. लांब केस लावून घ्यायला आलेल्या प्रत्येकीसमोर मी एक केस जाळून दाखवते. बायका नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये. माझ्या नुसत्या शब्दावर एकीनं विश्वास ठेवला होता. ती माझी मुलगी.

आम्ही बौद्ध. माझ्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात रोज वंदना होते. आणि रविवारी कोंबडी शिजते. इतक्या वर्षांत ही दोन्ही कधी एकमेकांच्या आड आली नव्हती. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेली आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी ताट पुढे सारून म्हणाली, "पहिलं शील आपण रोज म्हणतो. जीव घेणार नाही म्हणून. त्यात कोंबडी येत नाही का?"

"येते की," तिचे बाबा म्हणाले, "रविवार सोडून."

मी हसले. ती हसली नाही. त्या दिवसापासून तिची भाजी वेगळ्या पातेल्यात आणि वाढायची पळीही वेगळी. खरं तर मला एवढा राग यायचं कारण नव्हतं, पण आला. वीस वर्षं जिला हातानं भरवलं, तिला आता माझ्या पळीचा विटाळ, असं मी बोलून गेले. विटाळ हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नसतो. का ते सांगायला नको. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढे चार महिने तिनं मला केसांना तेलसुद्धा लावू दिलं नाही. पार्लरवालीची मुलगी कोथरूडला जाऊन केस कापून आली, हे मला शेजारणीकडून कळलं. शेजारणीनं ते काळजीनं सांगितलं असं ती म्हणते.

म्हणून एप्रिलमध्ये ती आपण होऊन पार्लरमध्ये आली आणि खुर्चीत बसली, तेव्हा मी हातातलं काम टाकून तिच्यामागे उभी राहिले. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. मोबाईलवर तिनं एक फोटो दाखवला. मोकळ्या केसांत लांब, बारीक पिसं, करडी-पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची.

"आई, हे तुला येतं?"

"न यायला काय झालं?"

"पण खोटी हवीत हं. खरी असतील तर नको मला."

रविवार पेठेत एक वयस्क दुकानदार आहेत. त्यांच्या आजोबांपासून ते गंगावनं, वेण्या, आकडे विकतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याकडेच घेते. पिसं म्हटल्यावर त्यांनी दोन पाकिटं पुढे ठेवली. एकातली चकचकीत, ताठ, हलवली तरी एकसंध हलणारी. ती खोटी होती, पाकिटावर तसं छापलंच होतं. दुसऱ्या पाकिटावर काहीच नव्हतं. त्यातलं एक पीस मी उचललं तर माझ्या श्वासानंच त्याची कड हलली. तेच फोटोतलं होतं.

"हे पण खोटंच ना चाचा?"

"ताई, लिहिलेलं नाही, तर मी छातीठोक सांगणार नाही. जाळून बघा. तुम्हाला तर येतंच."

त्यांच्या गल्ल्यावर उदबत्ती जळत होती. एक पीस टेकवलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी म्हटलं, घरी बघीन, आणि पाकीट पिशवीत टाकलं.

घरी बघितलं नाही. मुलगी खुर्चीत बसली, तिनं केस माझ्या हातात दिले आणि आरशातून विचारलं, "खोटी आहेत ना?" मी म्हटलं, "खोटीच गं. आजकाल खरी मिळतात कुठे." इतकं सहज म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं. बारीक कडीत केसांची बट आणि पिसांची देठं ओवायची आणि पकडीनं कडी दाबायची, एवढंच काम. पंधरा मिनिटांचं. मी पाऊण तास लावला. मध्ये तिनं डोळे मिटले आणि लहानपणी टेकवायची तसं डोकं मागे माझ्या पोटाशी टेकवलं. तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं.

लग्न झालं, पिसं तशीच राहिली. तिच्या मैत्रिणीही विचारायला लागल्या.

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात वंदना होती. यंदा लहान मुलांकडून पंचशील म्हणवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. पांढरा ड्रेस घालून ती माझ्यापुढे बसली, "आई, केस जरा सरळ करून दे." मी स्ट्रेटनर फिरवला. बोलण्याच्या नादात तो पिसांसकट बटेवरून खाली गेला आणि माझा हात तिथेच थांबला. खोटं पीस एवढ्या उष्णतेला आक्रसतं, चिकटतं. हे उलट जास्त मऊ झालं. सरळ, झुळझुळीत, केसासारखं.

ती चपला घालायला गेली तेवढ्यात मी पाकिटात उरलेलं पीस काढलं आणि गॅसवर धरलं. मणी धरला नाही. भुरुभुरु जळलं. चिमटीत राख राहिली आणि स्वयंपाकघरात तो वास. कोंबडी साफ करून आणली की उरलेली लव जाळावर भाजतात, तोच. मी खिडकी उघडली.

विहारात ती सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. मुलं रांगेत, मागे आम्ही बायका. तिनं पहिलं शील म्हटलं, मुलांनी तिच्या मागोमाग म्हटलं. तिचा आवाज चांगला आहे, स्पष्ट. पंख्याच्या वाऱ्यानं पिसं तिच्या पाठीवर हलत होती. जीव घेण्यापासून दूर राहीन असं ती म्हणत होती, मनापासून म्हणत होती, आणि घेतलेला जीव मी तिच्या केसांत कडी दाबून बसवला होता. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बायका म्हणाल्या, मुलं म्हणाली. माझ्या तोंडातून आवाज आला नाही. पहिलं शील मी तिचं मोडलं होतं. हे माझं होतं.

खीरदान झालं. द्रोणातली खीर मी कशीबशी संपवली. घरी येताना पार्लरच्या दारात थांबले आणि म्हटलं, "ती पिसं खरी आहेत."

तिनं शटर वर केलं, आत जाऊन खुर्चीत बसली. "काढ."

मी पकडीनं एकेक कडी सैल करत होते आणि ती मोबाईलवर वाचत होती. मग वाचलेलं तिनं सपाट आवाजात सांगितलं. अशा लांब पिसांसाठी कोंबडे मुद्दाम पैदा करतात. पिसं खराब होऊ नयेत म्हणून एकेकाला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात. पिसं पुरेशी वाढली की मारतात. "खायला मारतात ते मला पटत नाही, पण समजतं तरी," ती म्हणाली. "हे मी लग्नात मिरवायला घातलं."

"तुला माहीत नव्हतं. पाप माझं."

"दुकानदारानं काय सांगितलेलं?"

मी सांगितलं. जाळून बघा म्हणाले होते, तेही सांगितलं. ती खुर्ची फिरवून समोर झाली.

"तू पार्लरमध्ये येणाऱ्या कोणालाही जाळून दाखवतेस. मग माझ्या वेळेला का नाही?"

"जाळलं असतं तर कळलं असतं," मी म्हटलं. "मग फोटोतली मिळत नाहीत म्हणावं लागलं असतं. आणि तू उठून गेली असतीस. चार महिन्यांनी बसली होतीस."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडले मी. तिनं सगळी पिसं टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवली. कचऱ्यात टाकू का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नको. एकदा मारलंय ना त्याला." घराजवळ शेवग्याचं झाड आहे, त्याच्या बुडाशी तिनं ती पुरली असावीत. माती उकरलेली दिसली. मी विचारलं नाही.

आता कोणी स्वतःची पिसं घेऊन लावायला आली की मी आधी त्यातलं एक जाळून दाखवते. काहीजणी वास आला की मागे सरतात. एक म्हणाली, खरी आहेत का, मग हीच लावा. मी लावली नाहीत, ती दुसरीकडे गेली. मी फक्त खोटी ठेवते. मुलगी म्हणते तीही प्लास्टिकच, आपण मेल्यावरही नदीकाठी पडून राहणार. तिचं बरोबर आहे. आणि खऱ्या केसांचं काय, असं मी स्वतःलाच विचारते. ते कोणत्या बाईच्या डोक्यावरचे, तिनं ते नवसाला दिले की गरजेपोटी, हे वीस वर्षांत मला एकीनंही विचारलं नाही. वासावरून केस खरा एवढंच कळतं.

मुलीचा राग गेला. केस पुन्हा माझ्याकडूनच कापून घेते, रविवारी तेलही लावून घेते. रविवारी आमचा रस्सा एका शेगडीवर असतो, तिची भाजी दुसऱ्या. मी तिचं ताट वाढते. पूर्वी ती सरळ जेवायला बसायची, चार महिने आमचं बोलणं नव्हतं तेव्हासुद्धा. आता विचारते, "आई, पळी वेगळी होती ना?" मी हो म्हणते, आणि ते खरं असतं. मग ती पहिला घास नाकाशी नेते, वास घेते आणि खाते.