पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकट्याने विचारलं, "आत्या सायंटिस्ट आहे ना? मला शाळेत सांगायचंय." आत्या हसून म्हणाली, "नाही रे, मी कर्जाचे हप्ते भरायचं ॲप बनवते." मी शेजारीच बसले होते. त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

तुमच्या आत्याने, माझ्या लेकीने, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. पुढची तीन वर्षं ती बेलापूरच्या आमच्या घरातून चालत दिवाळे कोळीवाड्याला जाई आणि ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून बारीक शंखातल्या गोगलगाई गोळा करी. जेटीवर मासळी विकणाऱ्या बायका तिची थट्टा करत.

"काय गो पोरी, खायची नाय, विकायची नाय, मंग धरतस कशाला?"

"अभ्यास करायला, मावशी."

"तुझ्या अभ्यासानं आमच्या म्हावऱ्याला भाव येल काय?"

ती त्यांच्याबरोबर हसायची. घरी येऊन गोगलगाई स्पिरिटच्या बरणीत घालायची आणि त्यातच पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी सोडायची. अशा पंचेचाळीस बरण्या झाल्या.

पीएच.डी.साठी तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही. बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या होत्या. मीच वाशीच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासचा फॉर्म आणला. "एक वर्ष नोकरी कर, मग पुन्हा बघू," म्हणाले. ऐरोलीच्या एका कंपनीत तिला लगेच घेतलं. वर्षाची तीन वर्षं झाली. बरण्या तिच्या कपाटात तशाच होत्या.

मग एक दिवस तिच्या जुन्या मॅडमचा फोन आला. पीएच.डी.ची एक जागा होती, शिष्यवृत्तीसकट. तीन वर्षांचे नमुने हाताशी असलेली दुसरी मुलगी त्यांना माहीत नव्हती. सोमवारी बरण्या घेऊन ये, म्हणाल्या. इतक्या वर्षांत तिला घरात गुणगुणताना मी प्रथमच ऐकलं. राजीनाम्याचं पत्र तिने लिहून ठेवलं होतं.

शनिवारी ती ऑफिसला गेल्यावर मी बरण्या बाहेर काढल्या. मोठ्या लोकांसमोर जायच्या, आणि आत पिवळे पडलेले कागदाचे कपटे तरंगताहेत! माझ्या नीटनेटकेपणाची तुम्हाला कल्पना आहेच. प्रत्येक चिठ्ठी चिमट्याने काढली, तिच्यावरचं लॅटिन नाव पांढऱ्या लेबलवर शाईने, शाळेत गिरवलेल्या माझ्या वळणदार इंग्रजी अक्षरात उतरवलं आणि लेबल बाहेरून चिकटवलं. जवळजवळ सगळ्या बरण्यांवर एकच नाव आलं. तेव्हाही मी थांबले नाही. खालचे आकडे मला फालतू वाटले. चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या आणि कचरा घंटागाडीत दिला.

संध्याकाळी ती बरण्यांसमोर उभी राहिली.

"आई, चिठ्ठ्या?"

"मळल्या होत्या गं. बघ, आता कशा छान दिसतात."

ती खाली बसली. मग तिने शांतपणे समजावलं. स्पिरिटमध्ये शाई उतरते, म्हणून पेन्सिल. बरणी फुटली तरी चालेल, पण नमुना आणि चिठ्ठी कधी वेगळी करायची नाहीत. वहीत नुसती मोजमापं होती. कुठलं मोजमाप कुठल्या बरणीचं, कुठल्या महिन्याचं, खाडीच्या कुठल्या भागाचं, हे फक्त चिठ्ठीवरच्या आकड्यांत होतं.

"आठवेल तुला," मी म्हणाले.

"पंचेचाळीस, आई?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मॅडमना फोन केला, दोन वाक्यं बोलली आणि लॅपटॉप उघडून कंपनीचं काम करू लागली. ते पत्र तिने कधीच दिलं नाही.

आता ती तिथे टीम लीड आहे. लोक माझं अभिनंदन करतात. दिवाळ्याला मासळी आणायला मी एकटी जाते, ती येत नाही. जेटीवरच्या मावशी अजून विचारतात, "तुमची शंखवाली कुठं हाय?" मी पापलेट उलटंपालटं करून बघत राहते. बरण्या ती फेकू देत नाही. त्यातलं स्पिरिट उडून चाललं आहे. माझी लेबलं मात्र जशीच्या तशी आहेत.

तिला तो सायंटिस्टचा प्रश्न पुन्हा विचारू नका. विचारायचंच असेल तर मला विचारा.