समोरच्या काकांचं ग्रहण

आमच्या समोरच्या घरातले काका अठराव्या शतकाच्या मध्यातून पुढे कधी आलेच नाहीत. तसे ते नागपूरहून नेपरव्हिलला आले, वर्षानुवर्षं शिकागोची ट्रेन पकडून इंजिनिअरची नोकरी केली, रिटायरही झाले. पण हे सगळं फक्त देहाने. "त्या काळात माणसाने खरे डोळे उघडले गं," असं ते म्हणत आणि पुढचा दीड तास समोरच्याला डोळे मिटू देत नसत. त्यांच्या किचनमधल्या थर्मामीटरवर पाणी शून्याला उकळायचं आणि शंभराला गोठायचं. सेल्सिअसचं माप पहिल्यांदा निघालं तेव्हा म्हणे असंच उलटं होतं, मग काकांनी तरी सुलटं का मानावं? जानेवारीत बर्फ उपसायला निघाले की रस्त्यापलीकडून ओरडत, "आज एकशे वीस आहे, कानटोपी घाल!" एकदा त्यांनी काकूंच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीला आतून-बाहेरून फॉइल चिकटवून तीत वीज साठवली. त्या काळी फ्रान्समध्ये मठातल्या संन्याशांना हातात हात धरून उभं करत आणि त्यांच्यातून वीज सोडत. नेपरव्हिलमध्ये संन्यासी मिळेनात, म्हणून काकांनी हळदीकुंकवाला आलेल्या अकरा बायकांना उभं केलं. रांगेत मी सातवी होते. आम्ही सगळ्या एकदम उडालो, तिळाच्या वड्या कार्पेटभर झाल्या. "पुढच्या वर्षी कुणी आलं तर नशीब," काकू शांतपणे म्हणाल्या. पुढच्या वर्षी सगळ्या आल्या. काकूंना नाही म्हणणं कुणाला जमत नसे.

पण काकांचा खरा जीव अडकला होता तो एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञात. शुक्राचा ठिपका सूर्यावरून सरकताना मोजला की सूर्य किती लांब आहे ते कळणार होतं, म्हणून हा गृहस्थ थेट पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळलं की तिथे युद्ध चालू आहे आणि गाव इंग्रजांनी घेतलंय. शुक्र सरकला तेव्हा हा भर समुद्रात, हलत्या जहाजावर. मोजमाप शून्य. पुढची संधी आठ वर्षांनी, म्हणून तो इकडेच थांबला. आणि त्या सकाळी ढग आले. घरी पोचला तर लोकांनी त्याला मेलेलाच धरलं होतं. "अकरा वर्षं घराबाहेर," काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या. "माझा जीव घरच्यांसाठी तुटतो बाई."

खग्रास सूर्यग्रहण पहिल्यांदा इलिनॉयच्या दक्षिणेला दिसणार होतं, तेव्हा काका साडेपाच तास ड्राइव्ह करून काकूंना आणि आम्हाला तिकडे घेऊन गेले. ऐन वेळी एक ढग आला आणि अंधार पडून संपेपर्यंत हललाच नाही. काका टेलिस्कोपपाशी तसेच उभे राहिले. काकूंनी डबा उघडला, त्यांच्या हातात पोळीचा रोल दिला आणि म्हणाल्या, "सात वर्षांनी याच गावात पुन्हा आहे ना? येऊ की." त्या दिवसापासून काका सात वर्षं मोजू लागले.

सातव्या वर्षी काकूंचा कॅन्सर हाडात उतरला. डॉक्टरांनी ट्रीटमेंट थांबवली, हॉलमध्ये नर्सने आणलेला पलंग लागला, बेलव्ह्यूहून मुलगी आली. ग्रहणाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, यू शुड गो. आय विल बी विथ आई." काकूही म्हणाल्या, "अहो, जा. मी कुठे पळून जात नाही." सकाळी काकांनी टेलिस्कोप गाडीत ठेवला. मी खिडकीतून पाहत होते. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे बराच वेळ उभी राहिली, आणि रिव्हर्स घेत परत आली.

"का आलात?" मी धावत जाऊन विचारलं.

"तुझी काकू खोटं बोलत होती गं," ते म्हणाले.

दुपारी आमच्याकडे सूर्य बराचसा झाकला गेला, पूर्ण नाही. उजेड फिका पडला. काकांनी एका पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडलं आणि तो खिडकीशी धरला. काकूंच्या चादरीवर नखाएवढी सूर्याची कोर उमटली. काकूंनी तळहात पुढे केला, कोर त्यात घेतली.

"एवढाच?" त्या हसल्या.

"एवढाच," काका म्हणाले. कोर पुन्हा गोल होईपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही. शेवटी मुलीने कोपराला आधार दिला. दक्षिणेला त्या दिवशी आकाश लख्ख होतं, हे मला टीव्हीवर कळलं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. अकराव्या दिवशी काकू गेल्या.

घर विकून काका मुलीकडे राहायला गेले. परवा त्यांचा फोन आला. शुक्र नाही, वीज नाही, थेट प्रश्न. "अगं, ती वरणात हिंग शिजताना घालायची की फोडणीत?"

"दोन्हीकडे, काका. थोडा थोडा."

"थांब, लिहून घेतो." पेनाचा आवाज ऐकू आला. "एक्केचाळीस वर्षं जेवलो गं," ते म्हणाले, "आणि मला वाटत होतं, वरण असंच लागतं."