आईचा वाटा

मे १९९१, बँक हॉलिडेचा सोमवार. हजर: आई, मी (थोरली), मेडनहेडहून आलेला भाऊ, हाउन्सलोहून आलेली धाकटी बहीण. जागा: बर्मिंगहॅममधलं आमचं घर, जे विकलं गेलं होतं आणि महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं.

बाबांच्या माघारी एवढं घर आईला झेपत नव्हतं. तिने भावाकडे राहायचं असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं. आईने मात्र देवळाजवळचा एका खोलीचा फ्लॅट पाहून ठेवला होता. तो विषय काढला की आम्ही "बघू" म्हणायचो.

वाटणीची पद्धत आईच्या माहेरची. तिथे आंबेसुद्धा असेच वाटत: थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे वाटे पाडणाऱ्याला लबाडी करून फायदा नसतो. मी सकाळीच कामाला लागले. बैठकीच्या कार्पेटवर तीन ढीग, तीन रंगांचे स्टिकर. पुरणयंत्र एकीकडे, म्हणून पितळी परात दुसरीकडे आणि बाबांची आरामखुर्ची तिसरीकडे. जेवणाआधी सगळं घर वाटून झालं. धाकटीने फार विचार न करता आरामखुर्चीचा ढीग घेतला, भावाने परातीचा, पुरणयंत्राचा मला उरला. मी स्वतःवर खूश होते.

दुपारी आई चहा करायला उठली.

"अगं, पातेलं कुठंय?"

"दादाच्या वाट्यात," धाकटी म्हणाली.

"आणि गाळणं?"

"ते माझ्याकडे."

"चहा-साखरेचे डबे?"

ते माझ्याकडे होते.

"मग मी चहा कशात करू?"

भाऊ म्हणाला, "आई, तू आमच्याकडेच येणार ना! एवढं मोठं किचन आहे."

"आहे रे. पण मी फोडणी घातली की तुझी बायको सगळ्या खिडक्या उघडते. बोलत नाही काही, गुणी आहे पोरगी. पण जानेवारीत?"

धाकटी फिसकन हसली. भाऊही हसला, मग गंभीर झाला. "एकटी कशी राहशील?"

"बस त्या फ्लॅटच्या दारावरून जाते. खाली दोन मैत्रिणी आहेत. सगळ्यात धाकट्याने आधी उचलायचं ना? मग बाजूला व्हा. मीच उचलते."

"तू धाकटी?" मी विचारलं.

"नवा संसार कोण मांडतंय? तुम्ही? तुमचे जुने झाले."

पहिला उठला भाऊच. त्याने आपल्या ढिगातलं पातेलं काढून तिच्या हातात दिलं. मग आईने तिन्ही ढिगांत मनसोक्त फिरून घेतलं: पुरणयंत्र, परात, डबे, पोळपाट, आरामखुर्ची. धाकटी ओरडत राहिली, "आई, that's cheating!" आणि स्वतःच एकेका वस्तूवरचे स्टिकर सोलत राहिली. उरलेल्यात आम्हाला प्रत्येकी एक रजई आणि भरपूर फुलदाण्या आल्या. त्या दिवसाचा चहा आईच्या, चौथ्या ढिगातल्या पातेल्यातला.

फ्लॅटवर सामान लावताना भावाने एकच काम अंगावर घेतलं: पुरणयंत्रासाठी भिंतीवर फळी. तो आला की आई त्याला आधी चहा देते, मग दाराकडे बोट दाखवते. फळी अजून दारामागेच उभी आहे.